बँकेतले आठ आठवडे आणि न दिलेली कर्जं

"बँकेत लागलीस म्हणजे आता माझं पासबुक तूच भरून आणशील ना?" मुंबईतल्या एका खासगी बँकेत मला उन्हाळी इंटर्नशिप मिळाली तेव्हा आईची ही पहिली प्रतिक्रिया. मी तिला सांगितलं की मी शाखेत नसेन, मुख्य कार्यालयात असेन, आणि तिथे ग्राहक दिसतसुद्धा नाहीत. "मग बँकेत करणार काय?" याचं धड उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देता येईल असं वाटतंय. आणि ते देता देता माझ्या प्रबंधाचा विषयही समजावून होईल, म्हणून हा लेख.

मी संख्याशास्त्रात पीएचडी करते, तिसरं वर्ष. विषय आहे गहाळ माहिती. एखाद्या माहितीसंचातल्या बऱ्याच नोंदी रिकाम्या असतील, तर उरलेल्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष कितपत खरा मानायचा, हा प्रश्न. इंटर्नशिपला जाऊ का म्हणून विचारायला गेले तर माझे गाईड म्हणाले, "जाऊन ये. आत्तापर्यंतची तुझी सगळी गहाळ माहिती तूच गहाळ केलेली आहे." बोलणं खोचक होतं, पण खरं होतं. मी कॉम्प्युटरवर आधी पूर्ण माहिती तयार करते, मग त्यातले काही आकडे पुसते, आणि मग माझी पद्धत ते किती बरोबर ओळखते ते बघते. पुसलेलं काय होतं ते मला माहीत असतं. बँकेत ते कुणालाच माहीत नसतं.

पहिल्या दोन आठवड्यांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. लॅपटॉप मिळाला तिसऱ्या दिवशी. त्यात पेनड्राइव्ह लावता येत नाही, स्वतःची ईमेल उघडता येत नाही. केवायसी, मनी लाँडरिंग, माहितीची सुरक्षितता असे सात-आठ ऑनलाइन कोर्स पूर्ण करून परीक्षा द्यायची. डेटा बघायची परवानगी तीन सह्यांनंतर, बाराव्या दिवशी. म्हणजे आठपैकी जवळजवळ दोन आठवडे डोंबिवली फास्ट आणि कँटीनचा चहा यातच गेले. कुणी इंटर्नशिपला जाणार असेल तर हे धरूनच चाला. तेवढ्या वेळात मी शेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या लोकांना प्रश्न विचारत सुटले, आणि पुढे तेच कामाला आलं.

मला दिलं होतं रिस्क विभागात. काम पर्सनल लोनच्या स्कोअरकार्डचं. इथे थोडी पार्श्वभूमी लागेल.

कुठल्याही कर्जात बँकेला सरासरी किती फटका बसेल, हे तीन आकड्यांच्या गुणाकारावरून काढतात. कर्जदार थकण्याची शक्यता, थकेल त्या वेळी त्याच्याकडे अडकलेली रक्कम, आणि त्या रकमेतला किती हिस्सा शेवटपर्यंत वसूल होणार नाही, हे ते तीन. स्कोअरकार्डचं काम यातल्या पहिल्या आकड्याचं. अर्ज आला की वय, पगार, नोकरी किती वर्षांची, आधीची कर्जं, सिबिल स्कोअर असं सगळं घेऊन हा माणूस थकण्याची शक्यता किती ते सांगायचं. कल्पना जुनी आहे. १९४१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ड्युरँड यांनी चांगली आणि वाईट कर्जं आकडेमोडीने वेगळी करता येतात का हे तपासलं होतं. आज बहुतेक ठिकाणी लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात. नवीन तंत्रं आहेत, पण "अर्ज का नाकारला?" असं कुणी विचारलं तर रिग्रेशनमध्ये कारण दाखवता येतं.

थकणं म्हणजे काय, हेही ठरवावं लागतं. एक हप्ता चार दिवस उशिरा गेला म्हणजे कुणी बुडवा होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ३०, ६० आणि ९० दिवस अशा पायऱ्या आहेत, आणि ९० दिवसांहून जास्त थकलं की ते कर्ज एनपीए. (पीककर्जाला हा हिशोब लागू नाही, तिथे हंगाम मोजतात. पण तो वेगळा विषय.) आमची व्याख्या अशी होती: कर्ज दिल्यापासून वर्षभरात कधीही ९० दिवसांहून जास्त थकलं तर "बॅड", नाहीतर "गुड". हे दोन शब्द तिथे दिवसभर कानावर पडतात. "हा बॅड आहे", "ती गुड आहे". सुरुवातीला फार विचित्र वाटायचं, नंतर मीही तसंच बोलायला लागले.

मॉडेल पाचव्या आठवड्यात तयार झालं आणि चांगलं झालं. चांगलं म्हणजे काय, ते कसं मोजतात सांगते. एक गुड आणि एक बॅड अशी जोडी डोळे मिटून उचलायची आणि मॉडेल बॅडला जास्त धोका देतं का ते बघायचं. नुसती नाणेफेक केली तरी १०० जोड्यांपैकी ५० वेळा बरोबर येणार. त्याच्यावर जितकं जाल तितकं मॉडेल चांगलं. माझा आकडा बँकेच्या जुन्या स्कोअरकार्डपेक्षा बराच वर होता. नेमका किती, हे करारामुळे सांगता येत नाही, पण त्या दिवशी मी कँटीनमध्ये सगळ्यांना वडा-सांबार खिलवला एवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी क्रेडिट विभागातल्या एका मॅडमना मी तक्ता दाखवला. त्यांनी वीसेक वर्षं शाखांमध्ये अर्ज तपासण्यात घालवली आहेत. संख्याशास्त्र त्यांना येत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. त्यांनी चष्मा वर सरकवला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बघ गं, तुझं मॉडेल म्हणतंय की भाड्याने राहणारा माणूस स्वतःच्या घरात राहणाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित. हे कसं काय?"

मी म्हटलं, "मॅडम, डेटा तसं सांगतोय."

"डेटा कुणाचा?"

"ज्यांना कर्ज दिलं त्यांचा."

"आणि भाडेकरूंना कर्ज कोण देतं, माहितीये?" त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

मला समजायला मिनिटभर लागलं. मग पोटात गोळा आला, कारण हाच माझा प्रबंधाचा विषय, आणि तो माझ्याच हातून निसटला होता.

काय झालं होतं ते काल्पनिक आकडे घेऊन सांगते. हे आकडे बँकेचे नाहीत, मी हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलेत. समजा १००० घरमालक आणि १००० भाडेकरू अर्ज करतात. सगळ्यांनाच कर्ज दिलं असतं तर १००० मालकांतले ६० थकले असते आणि १००० भाडेकरूंतले १००. म्हणजे ६ टक्के विरुद्ध १० टक्के. प्रत्यक्षात मालकांचे अर्ज जवळजवळ सरसकट मंजूर होतात, समजा ९००. त्यातले ४५ थकतात, ५ टक्के. भाडेकरूंचे अर्ज मात्र मॅडमसारख्या कुणाच्या तरी टेबलावर जातात. त्या कागद बघतात, दोन फोन करतात, आणि १००० मधले फक्त २०० निवडतात. निवड चांगली असते. त्या २०० पैकी फक्त ८ थकतात, म्हणजे ४ टक्के.

आता बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये काय उरलं? मालक ५ टक्के, भाडेकरू ४ टक्के. मॉडेल प्रामाणिकपणे म्हणतं, भाडेकरू बरे. मॅडमची पारख भाडेकरू असण्याच्या खात्यात जमा झाली. आणि या मॉडेलवर विसंबून उद्या मॅडमना मधून काढलं, भाडेकरूंचे अर्ज आपोआप मंजूर व्हायला लागले, तर ४ टक्क्यांचे १० टक्के व्हायला वर्ष पुरेल.

याची दुसरी बाजू मला जास्त टोचली. नाकारलेले भाडेकरू ८००. थकणाऱ्या १०० मधले ८ आत आले, म्हणजे बाहेर राहिलेल्यांत थकणारे ९२. उरलेले ७०८ फेडणारे होते. त्या ७०८ जणांची नोंद कुठेच होत नाही. त्यांना कर्ज मिळालंच नाही, त्यामुळे ते फेडू शकले असते हे कधी सिद्धच होणार नाही. पुढच्या वर्षीचं मॉडेलही पुन्हा मंजूर झालेल्यांवरूनच शिकणार. आम्ही स्वतः चौदा वर्षं भाड्याने राहिलो. दर अकरा महिन्यांनी करार, की कधी घर बदल. "सध्याच्या पत्त्यावर किती महिने?" असा एक रकाना त्या स्कोअरकार्डमध्ये होता. त्यात बाबांचं उत्तर काय आलं असतं, हे मी त्या रात्री ट्रेनमध्ये बोटांवर मोजलं.

ही चूक फक्त बँकाच करतात असं नाही. पत्रिका बघून केलेली लग्नं टिकतात, असं छातीठोकपणे सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. आमच्याकडेही आहेत. त्यांचा पुरावा काय, तर त्यांच्या ओळखीतली पत्रिका जुळवून झालेली सगळी लग्नं. ज्या स्थळांना मंगळ आहे म्हणून नकार कळवला, त्यांच्याशी लग्न झालं असतं तर संसार कसा झाला असता, याचा एकही पुरावा त्यांच्याकडे नाही, आणि असूही शकत नाही. जुळलेल्या लग्नांमध्ये पत्रिकेशिवाय दोन्हीकडच्या मावश्यांनी केलेली चौकशीही असते. श्रेय सगळं ग्रहांना.

शास्त्रात याचं उत्तम उदाहरण पगारांचं आहे. बायकांना बाजारात किती पगार मिळू शकतो, हे काढायचं तर पगार दिसतो फक्त नोकरी करणाऱ्या बायकांचा. ज्या घरी राहिल्या त्यांना किती मिळाला असता? ज्यांना कमी मिळाला असता त्याच घरी राहिल्या असतील, तर दिसणारी सरासरी फसवी आहे. जेम्स हेकमन यांनी १९७९ च्या एका निबंधात यावर एक पद्धत दिली. आधी "माणूस नमुन्यात का आला" याचं मॉडेल करायचं, आणि त्यावरून दुसऱ्या मॉडेलमधली चूक दुरुस्त करायची. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते मुख्यतः अशा कामासाठी. त्याआधी १९७६ मध्ये डोनाल्ड रुबिन यांनी गहाळ माहितीचे प्रकार पाडले होते. आपल्या कामापुरता फरक एवढाच लक्षात ठेवा. नाकारण्याचं कारण नोंदींमध्ये सापडतं का? सापडत असेल तर गणित सावरता येतं. ज्या प्रकारच्या लोकांना क्वचितच कर्ज मिळालं, त्यांच्यातल्या मिळालेल्यांना जास्त वजन द्यायचं. कारण फक्त अर्ज तपासणाऱ्याच्या डोक्यात असेल तर वजन कशाला आणि किती द्यायचं?

बँकिंगमध्ये या दुरुस्तीला रिजेक्ट इन्फरन्स म्हणतात, आणि त्याच्या पाककृती भरपूर आहेत. नाकारलेल्यांना जुन्या मॉडेलने अंदाजे गुड-बॅड ठरवायचं आणि मग सगळे मिळून नवीन मॉडेल करायचं, ही सगळ्यात लोकप्रिय. मला ती पटत नाही. ज्या मॉडेलवर शंका आहे त्यालाच साक्षीदार करायचं, असा तो प्रकार आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हँड आणि त्यांचे सहकारी हेन्ली यांनी तीसेक वर्षांपूर्वीच दाखवलं की बाहेरून काही नवी माहिती किंवा एखादं गृहीतक आणल्याशिवाय नाकारलेल्यांबद्दल काहीही नवं कळू शकत नाही. हातातलेच आकडे कितीही घुसळले तरी लोणी निघणार नाही.

बाहेरची माहिती आणायची कुठून? एक जागा म्हणजे सिबिलसारख्या संस्था. आपण नाकारलेल्या माणसाला दुसऱ्या बँकेने कर्ज दिलं असेल तर तिथे त्याने हप्ते कसे भरले ते कळतं. नाकारलेल्या स्थळाचं पुढे दुसरीकडे लग्न झालं आणि कसं चाललंय हे कळावं, तसंच. थोडंफार कळतं, पण तिथला व्याजदर वेगळा, रक्कम वेगळी. आणि ज्यांनी मेहुण्याकडून उसने घेतले, भिशी उचलली, नाहीतर सावकार गाठला, ते इथेही दिसत नाहीत. नेमके तेच मला बघायचे होते.

दुसरा उपाय सरळ आहे. नाकारायच्या अर्जांमधून चिठ्ठ्या टाकून काही जणांना छोटं कर्ज द्यायचं आणि वर्षभर बघायचं. खर्च किती? वरच्याच काल्पनिक आकड्यांनी, नाकारलेल्या ८०० मधल्या १०० जणांना प्रत्येकी ५०,००० रुपये दिले तर एकूण ५० लाख. थकण्याची शक्यता ९२ भागिले ८००, म्हणजे साडेअकरा टक्के. थकलेल्या रकमेतले ६० टक्के कायमचे गेले असं धरा. गुणाकार केला की फटका ३ लाख ४५ हजार. फेडणाऱ्यांकडून येणारं व्याज यात धरलेलंच नाही.

मी हा हिशोब आमच्या विभागप्रमुखांना दाखवला. सर हसले. "साडेतीन लाख काहीच नाहीत, तेवढे एका होर्डिंगला जातात. पण नाकारायचा अर्ज मुद्दाम मंजूर केला, तोही चिठ्ठी टाकून, हे ऑडिटला तू समजावणार का?" मी गप्प. परत टेबलावर आल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी मला आधीच सुचायला हवी होती. त्या १०० जणांमधले जे बारा-एक जण थकतील, त्यांच्यामागे वसुलीचे फोन लागतील, त्यांच्या सिबिलवर डाग पडेल. माझ्या प्रयोगाची किंमत एकट्या बँकेने मोजली नसती. तरीही, मर्यादित रकमेचा असा प्रयोग व्हावा असंच माझं मत आहे. आज ७०८ जण किंमत मोजतातच आहेत, फक्त ती कुठल्या खात्यात दिसत नाही. पण माझ्या पहिल्या हिशोबात हा मुद्दा नव्हता, हे कबूल करते.

समितीपुढचं सादरीकरण दहा दिवसांवर आलं होतं. मॉडेलचा आकडा चांगला होता आणि भाडेकरूंची ओळ मॅडमशिवाय कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. ती ओळ मॉडेलमधून काढून टाकावी आणि गप्प बसावं, असा मोह झाला. आकडा जेमतेम हलला असता. पण ओळ काढल्याने निवड कशी झाली हा प्रश्न जात नाही, तो बाकीच्या ओळींमध्येही आहेच. म्हणून मी मॅडमकडे पुन्हा गेले आणि विचारलं, "तुम्ही त्या भाडेकरूंना निवडता कशावरून?"

त्यांनी सिस्टीममधला "रिमार्क्स" नावाचा रकाना उघडून दाखवला. अर्ज तपासणाऱ्याने हवं ते टाइप करायचा तो रकाना. आकडे नसल्यामुळे मॉडेल करणारे त्याच्याकडे बघतच नाहीत. मीही बघितलं नव्हतं. परवानगी काढून पुढचे चार दिवस मी ते रिमार्क्स वाचत बसले. इंग्रजी, रोमनमध्ये लिहिलेली हिंदी-मराठी, सगळी खिचडी. पण वाचता वाचता एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायला लागली: भाड्याच्या पावत्या. इतक्या वर्षांच्या पावत्या बघितल्या, घरमालकाशी बोललो, भाडं वेळेवर. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, जो माणूस नऊ वर्षं पाच तारखेच्या आत भाडं देतो, तो हप्ता नाही देणार? भाडं हा हप्ताच की."

म्हणजे हँड ज्याला बाहेरची माहिती म्हणतात, ती बँकेच्या आतच पडून होती. पावत्यांचा उल्लेख आहे की नाही असा एक रकाना मी हाताने तयार केला आणि मॉडेलमध्ये घातला. भाडेकरूंचं चिन्ह उलटलं. आता भाडेकरू असणं थोडं धोक्याचं आणि पावत्या असणं बरंच सुरक्षित, असं चित्र आलं. नमुना छोटा होता आणि रिमार्क्स सगळ्यांनी सारख्याच काळजीने लिहिलेले नव्हते, त्यामुळे यावर फार भार टाकता येणार नाही, असंही मी स्लाइडवर लिहिलं.

सादरीकरण बावीस मिनिटं चाललं. भाडेकरूंचे अर्ज आपोआप मंजूर करू नयेत, हे लगेच मान्य झालं. त्यात कुणालाच धोका नव्हता. चिठ्ठ्या टाकण्याच्या सूचनेपुढे "पुढील तिमाहीत विचार" असं लिहिलं गेलं. आणि रिमार्क्सचा रकाना मोकळा न ठेवता अर्ज मंजूर किंवा नाकारण्याचं कारण यादीतून निवडायची सक्ती करावी, ही माझी तिसरी सूचना तिथल्या तिथे मंजूर झाली, कारण तिला खर्च नव्हता. यादी बनवायचं काम मॅडमकडे आणि माझ्याकडे आलं. शेवटचे दोन दिवस आम्ही दोघी कारणं लिहीत बसलो. एकूण सतरा झाली. भाड्याच्या पावत्या चौथ्या क्रमांकावर आहेत.

अठरावा पर्याय आयटीवाल्यांनी स्वतःहून टाकला: "इतर". मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळी सहानंतर सगळे हाच निवडणार बघ." मी गाईडना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग "इतर" निवडलं ती वेळही नोंदवून घ्यायला सांग. ती ईमेल मी कालच पाठवली आहे.